खाली लावलेलं घड्याळ

पालकसभेत आम्ही सगळे मुलांच्या बुटक्या बाकांवर अंग चोरून बसलो होतो. दुसरीच्या बाई या सत्रात काय काय शिकवणार ते सांगत होत्या. हातच्याची बेरीज, जोडाक्षरं आणि घड्याळ. "घरातलं घड्याळ जरा खाली लावा, मुलांना नीट दिसेल असं," त्या म्हणाल्या.

माझ्या शेजारची आई पटकन बोलली, "म्हणजे बाई, 'आले हं पाच मिनिटांत' म्हणायची सोय गेली की आमची!"

सगळे हसले, मीही हसले. आमच्या घरात पाच मिनिटं म्हणजे कधी कुकर होईपर्यंत, कधी माझा फोन संपेपर्यंत. आणि लेक बिचारी तेवढा वेळ खुशाल वाट बघते. ज्याला माप माहीत नाही, त्याला उशीरही कळत नाही.

संध्याकाळी मी घड्याळ काढून तिच्या उंचीला लावलं आणि त्यात पाच मिनिटं कशी मोजायची ते तिला दाखवलं. आता वेळ बघायला मलाच वाकावं लागतं. थोड्या वेळाने तिने बाहेर खेळायला बोलावलं, तेव्हा मी सवयीने म्हणाले, "आले हं पाच मिनिटांत." मोठा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जाईपर्यंत ती घड्याळासमोरून हलली नाही. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, पाच मिनिटं एवढीशीच असतात?"

मी गॅस बंद केला आणि तिच्याबरोबर बाहेर गेले.