एका बैठकीत साठ भाकरी

आक्काचं सांगते, पण एक अट. मी खरं बोलायला लागले की "काय बाई ही, सख्ख्या भैणीवर जळती" असं तोंड करायचं न्हाय. जळते तर जळते. पन्नाशी उलटली माजी, आता काय लपवायचं?

आक्का म्हंजी सोजर. माजी थोरली भैण, आन् जाऊ बी. सांगोल्याकडनं आमी दोघी एकाच घरात दिलेल्या. थोरल्या कुंडलिकला ती, धाकट्या अमृतला मी, यशोदा. तिच्या वरातीला घोडा, माज्या वरातीला टेम्पो. रंग तिचा उजळ, केस तिचे लांब, पहिला पोरगा तिलाच. दोघं भाऊ सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात लागले आन् आमी शेळगीत ऱ्हायला आलो. चार वर्षं एक चूल चालली. मग घराच्या मधोमध पत्र्याची भिंत घातली. अल्याड मी, पल्याड ती.

दोघींचा धंदा एकच, कडक भाकरीचा. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, मग जाळापाशी उभी करून खडखडीत वाळवायची. महिनाभर टिकती. पीठ दोघींचं एकाच गिरणीचं, तवे एकाच दुकानातले. तरी गिऱ्हाईक दारात येऊन काय विचारणार? "सोजरबाईची भाकरी कुटं मिळती?" मी समोर बसलेली, माज्या भाकऱ्यांची चळत शेजारी, आन् मलाच विचारायचं! माज्या भाकरीला काय काटं आल्यात व्हय? पेपरात फोटो आला तो बी तिचाच. मी मागं उभी व्हते, माजा नुसता पदर आला.

दुखणं तरी माजं एकटीचं असावं की न्हाय? आमच्या आईची बोटं सांधेवातानं वाकडी झाली व्हती. तो वसा पहिला माज्याकडं आला. सकाळी मूठ मिटायची न्हाय, गरम पाण्यात हात धरून बसायचे, मग पीठ मळायचं. घरातली म्हणली, काम केल्यावर दुखतंयच की. दोन वर्षांनी आक्काला तेच झालं, तर कुंडलिकदाजी लगेच रिक्षा घेऊन दारात! माज्या दुखण्याच्या मोठ्या डॉक्टर बी तिच्यामुळं सापडल्या. मी तिच्या मागनं गेले, दुसरा नंबर लावून.

आता भिंतीचं सांगते. पत्र्याला कान लावायला लागत न्हाय, सगळं ऐकू येतं. सकाळी पल्याड थापा सुरू झाल्या की मी मोजायची. एक भाकरी, दोन भाकरी. आक्का एका बैठकीत साठ करायची, मधी न थांबता. माजा हात चाळीसला आखडायचा. वीस वर्षं मी मोजलं. तिच्या नवऱ्याला ठाऊक नसंल ते मला ठाऊक. ती कवा घाईत हाय, कवा रागात हाय, कवा रडून बसली हाय, सगळं थापेवर कळायचं मला.

मागच्या दिवाळीला ती पन्नासला थांबली. मला वाटलं, कोण आलं असंल दारात. दुसऱ्या दिवशी बी पन्नास. मग चाळीस. थांबली की कोरडा खोकला, कफाची खुळखुळ न्हाय काय न्हाय, नुसता ठसका. मग जरा वेळ काहीच न्हाय, मग परत थाप. संक्रांतीला तर ती विसावर आली.

आन् मी? खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. मी इरेला पेटले. नवीन औषधानं बोटं हलकी झाली व्हती, सकाळी शेक घेऊन बसायची. पंचेचाळीस झाल्या, पन्नास झाल्या. एक दिवस एका बैठकीत साठ! उठून अंगणात आले तर सांगायला कोण न्हाय. आमच्या अमृतला सांगितलं, तर म्हणतो, "बरं, चहा टाक."

तिळगूळ संपायच्या आत आमची दोघींची तपासणी व्हती. सांधेवाताच्या डॉक्टर उत्कर्षा मॅडम, वयानं आमच्या पोरीएवढ्या, पण बोलणं गोड. आक्काला विचारलं, "मावशी, चालताना दम लागतो का?"

"न्हाय की."

"खोकला?"

दाजींनीच उत्तर दिलं, "पिठाचा ठसका हाय, मॅडम. धंदाच तसला."

आक्का खाली बघत बसलेली. मला तिच्या पोटातलं कळत व्हतं. दम लागतो म्हणलं की दाजी चूल बंद करणार, आन् चूल बंद झाली की सोजरबाईची भाकरी संपली. तेवढ्यात मॅडम हसून म्हणल्या, "वा, अजूनही रोज साठ भाकऱ्या का?" आन् आक्का म्हणली, "व्हय, एका बैठकीत."

माजं डोकंच फिरलं. म्हणलं, "खोटं बोलती! साठ मी करते. ही पन्नासवर आली दिवाळीला, मग चाळीसवर, आता विसावर. दर विसाला थांबती, खोकती, मग धापा टाकती. रोज ऐकते मी. साठ माज्या हायेत!"

 मॅडमनी पेन खाली ठेवलं.

आता लोक म्हणतात, यशोदानं भैणीवर ध्यान ठेवलं. ध्यान कसलं! मला तिची काळजी न्हवती त्या घटकेला. मला माज्या साठ सांगायच्या व्हत्या.

मॅडमनी आक्काच्या पाठीला खालच्या अंगाला नळी लावली, "मोठा श्वास घ्या" म्हणत बराच वेळ ऐकलं. मग बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून तिला व्हरांड्यात चालवलं. सत्त्याण्णववरनं आकडा एकोणनव्वदवर आला. मॅडमनी आमाला समजंल असं सांगितलं. सांधेवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, आन् कुणाकुणाच्या फुप्फुसांवर बी. फुप्फुसाला आतनं इजा व्हायला लागली की त्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं. ते मोजता येतं. रक्त पुण्याला पाठवायचं, आन् जोडीला छातीचं स्कॅन, कारण नुसत्या रक्तावर ठरत न्हाय.

आक्काचं रक्त पुण्याला! माजं कवा शेळगीच्या फुडं गेलं न्हाय. मी बाही वर केली. "मग माजं बी घ्या."

मॅडम हसल्या. "तुम्हालाही तोच आजार आहे. घेऊया."

व्हरांड्यात आक्कानं माज्याकडं बघितलं बी न्हाय. एवढंच म्हणली, "गार झालं का तुजं पोट?" त्यानंतर आठ दिवस बोलली न्हाय. पत्र्यापलीकडं थापा चालूच. वीस, ठसका, वीस. मला जेवण गोड लागंना, पण माफी मागायला जीभ उचलंना. खरं तेच बोलले की मी!

आठ दिवसांनी कागद आले. माज्यावर दोनशे साठ, आक्काच्यावर बाराशे चाळीस. माज्या मनात पहिलं काय आलं सांगू? हितं बी तिचाच मोठा!

मग मॅडमचं तोंड बघितलं. त्या म्हणल्या, या तपासणीत पाचशेच्या आत बरं. आक्काचं स्कॅन बी तेच सांगत व्हतं, दोन्ही फुप्फुसं खालनं कडक व्हायला लागल्यात. "वेळेत सापडलं, मावशी. औषध आजच सुरू करू. आहे तिथं थांबवायचा प्रयत्न करायचा. झालेलं सगळं भरून येईल असं मी म्हणणार नाही." मग हलक्या आवाजात म्हणल्या, "धूर आणि पीठ मात्र बंद. भाकरी आजपासून बंद."

माजं फुप्फुस सध्या ठीक दिसतंय म्हणल्या.

दाजी औषधं आणायला गेले. आमी दोघी बाकावर. दाजी जाता जाता बोलून गेले, "यशोदा, तुजं ध्यान व्हतं म्हणून कळलं बघ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्कानं हात पुढं केला, माजा कागद घेतला. वाचायला येतं तिला, सातवी झाली हाय. दोनशे साठवर वाकडं बोट ठेवलं, लई वेळ ठेवलं. मग कागद परत देत म्हणली, "तुजं बरं हाय बाई."

तो आवाज मी वळखला. माजाच आवाज व्हता तो. घोड्याच्या वरातीला, पेपरातल्या फोटोला, तिच्या पहिल्या पोराच्या बारशाला मी त्याच आवाजात बोललेली हाय. जल्मभर माजी एकच इच्छा, एकदा तरी आक्कानं माजं काहीतरी बघून जळावं. जळली. आन् मला तो कागद तितंच फाडून टाकावा असं वाटलं. बाराशे चाळीसातले निम्मे माज्यावर घालता आले असते तर घातले असते, देवाशप्पथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच तव्यापुढं बसले. चूल मागच्या अंगाला हलवली, धूर पल्याड जाऊ ने म्हणून. पल्याड आक्का बाजेवर पडलेली, सगळं शांत. मी थापायला लागले. वीस झाल्या आन् थांबले. हातात दम व्हता, बोटं बी बरी व्हती. पण तिच्या कानावर साठ कशा घालायच्या?

पत्र्यापलीकडनं आवाज आला, तपासणीपासनं भिंतीपल्याडनं पहिलाच. "थांबलीस का गं?"

"बोटं दुखत्यात."

"खोटं. तुजी बोटं चाळीसला दुखत्यात, विसाला न्हाय. तू एकटीच मोजतीस व्हय? मला काय कान न्हाईत?"

 वीस वर्षं ती बी माज्या भाकऱ्या मोजत व्हती!

तिला खोकला आला. तो संपंस्तवर मी परातीला हात लावला न्हाय. मग म्हणली, "जळायचं तर जळ माज्यावर, यशे. तुला सवय हाय, मला बी हाय. पण कीव करू नको. कीव मला सोसायची न्हाय. थाप."

थापायला लागले. एकवीस, बावीस. चाळीसला बोटं आखडली तरी उठले न्हाय. पलीकडं ती आकडे पुटपुटत व्हती, मला ऐकू येत व्हतं. साठावी थापून उचलणार, तेवढ्यात आक्का म्हणली, "जाड ऱ्हायली ती. अजून चार थापा घाल."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणलं, हिला पडल्या पडल्या बी माजी भाकरी खुपती! बोट लावून बघितलं. जाडच व्हती.

डोळ्याला पदर लावला आन् चार थापा घातल्या.