बाई आणि दुर्बिणीचा रिमोट

बाई दुर्बिणीशी कधी खोटं बोलायच्या नाहीत. ठिकाण-तारीख सांगितली की आपणहून ग्रहाकडं वळणारी नवी दुर्बीण पहिल्यांदा चालू केली तेव्हा तिच्या रिमोटनं विचारलं, तुम्ही कुठे आहात. यादीतल्या शहरांत सोलापूर नव्हतं. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मुंबई टाका की. दुर्बिणीला काय कळतंय?"

"राहते सोलापुरात आणि सांगू मुंबई? मग ती मुंबईचं आकाश शोधत बसेल," बाई म्हणाल्या आणि सोलापूरचे अक्षांश-रेखांश एकेक आकडा दाबून भरले.

बाई कॉलेजात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, मूळच्या कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या. मी त्यांच्याकडे भाकरी-भाजी करायला जायची. माझी शाळा चौथीपर्यंत. चार माणसं समोर आली की मी दाराआड व्हायची. बाई मात्र दर महिन्याला कॉलनीतल्या लोकांना गच्चीवर बोलावून आकाश दाखवायच्या. कुणी भिंगाला डोळा लावला की खुशीत कानडीत म्हणायच्या, "नोडु, नोडु." बघ, बघ.

मग त्यांची नजर अधू होत गेली. समोरच्याचा चेहरा पुसट दिसायचा, रिमोटवरची बारीक लाल अक्षरं तर दिसेनातच. पुतण्या हुबळीला चला म्हणून मागं लागला होता. जाण्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. "मी गेले की ही दुर्बीण इथं कपाटात जाणार," एवढंच त्या म्हणायच्या.

एका दुपारी त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला.

"मला इंग्रजी येत न्हाय, बाई."

"त्याला मराठी येत नाही. शिका दोघं."

बाईंचा नेम असा, की रात्री काय बघायचं ते दुपारी जेवणं झाल्यावरच ठरवायचं. "मटकी भिजवायची आठवण तुला स्वयंपाकाच्या वेळी होते का?" असं विचारायच्या. मी रिमोटवरची अक्षरं जुळवून वाचायची आणि त्या क्रम लावायच्या. जे लवकर मावळणार ते आधी, उगवायला उशीर असलेलं शेवटी. माझं इंग्रजी वाचन असं ग्रहांच्या नावांनी सुरू झालं.

पहिल्यांदा सगळं मी एकटीनं केलं, तेव्हा चंद्र डोक्यावर होता आणि दुर्बीण शेजारच्या पाण्याच्या टाकीकडं वळली. लोक हसले. काका म्हणाले, "टाकी भरलीय का तेवढं बघून घ्या." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं, "तारीख काय भरलीस?" मी पाच फेब्रुवारी भरली होती, कॅलेंडरवर असते तशी, आधी दिवस, मग महिना. रिमोटला आधी महिना लागतो.

"त्याला तू दोन मे सांगितलंस. ते बिचारं मे महिन्यातला चंद्र शोधतंय," बाई म्हणाल्या.

"मी परत हात लावणार न्हाय. सगळी माझ्याकडं बघत्यात."

"तुझ्याकडं बघायला कोण आलंय? वर बघायला आलेत सगळे. भर परत."

मी परत भरली आणि दुर्बीण चंद्राकडं वळली. त्या एका वाक्याचे उपकार माझ्यावर फार आहेत. आजही चार माणसं समोर आली की मी तेच स्वतःला सांगते.

हुबळीला जायच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर लोक जमले, बाई खुर्चीवर नुसत्या बसून होत्या. मी शनी लावला. सगळ्यांचं बघून झाल्यावर त्यांनी भिंगाला डोळा लावला, बराच वेळ लावला आणि म्हणाल्या, "पुसट आहे गं. तू सांग."

"पिवळसर हाय, बाई. लई लहान. कडं म्हणावं असं दिसत न्हाय, बारीक आडवी रेघ हाय. मण्यातनं दोरा ओवल्यागत."

सगळे ऐकत होते, हे मला नंतर जाणवलं. "यंदा कड्याची फक्त धार आपल्याकडं आहे, ते असंच दिसायला हवं. दिसला मला," बाई म्हणाल्या.

लोक जिन्यानं उतरू लागले. खालच्या मजल्यावरच्या ताई मागं वळून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात कधी ठेवणार?" मी बाईंकडे पाहिलं. त्या चटईची घडी घालत होत्या, मान वर करेनात. मग मीच म्हणाले, "अमावस्येच्या आसपास ठेवू की. या सगळे."