उघड्या डोळ्यांची प्रार्थना

देवाला शब्दांची गरज नसते, असं आमच्या चर्चमध्ये दर रविवारी पाऊण तास बोलून सांगितलं जातं. मुलुंडच्या ज्या खोलीत मी काम करतो तिथे मात्र हे खरोखर पाळतात. चार कर्णबधिर माणसं कॅमेऱ्यासमोर हातांनी शुभवर्तमान सांगतात. त्यात मूळचं काही गळलं नाही ना, हे मी मराठी बायबल पुढ्यात ठेवून तपासतो.

त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष नव्हतं. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, गाठीचा रिपोर्ट दोन दिवस माझ्या पिशवीत बंद पाकिटात तसाच होता. फोडायचा धीर होत नव्हता. लॅबवाल्यांनी उशीर केलाय, असं मी तिला सांगितलं होतं. प्रार्थनेला बसलो की पाकीटच दिसायचं.

काम वादळाच्या गोष्टीवर आलं होतं. होडीत पाणी शिरतंय, येशू झोपलाय, आणि शिष्य त्याला हलवून विचारतात, आम्ही बुडतोय याचं तुम्हाला काहीच नाही का? चौघांतली, नाहूरहून येणारी रूथ इथे अडली. कागदावर हे वाक्य चेहऱ्याशिवाय चालून जातं. हातांनी सांगायचं तर चेहरा ठरवावाच लागतो. "रागावून विचारतात की रडकुंडीला येऊन?" तिने खुणेने विचारलं. "काका, करून दाखवा." आणि कॅमेरा चालू केला.

मी करून दाखवलं. वाक्य संपलं तरी हात थांबेनात.

रूथ बघत राहिली. "हे शिष्याचं नाही. घरी काय झालंय?"

सांगितलं. मग सवयीने हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा चौघं टक लावून बघत होते. "काका झोपले का?" शमुवेलने इतरांना विचारलं. हात जोडून डोळे मिटणं म्हणजे त्यांच्या लेखी स्वतःचं तोंड आणि कान एकदम बंद करणं. "सगळं बंद करून कोणाशी बोललात?" रूथ म्हणाली. "आता आम्ही करतो. बघा." चौघांनी माझ्याकडे बघत सुनंदासाठी प्रार्थना केली. माझी सांकेतिक भाषा कच्ची, अर्धी कळली नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच प्रार्थनेत लपायला जागा नव्हती.

संध्याकाळी पाकीट सुनंदासमोर ठेवलं. "दोन दिवस लपवलंत? आणि बायबल तपासायला जाता!" म्हणत तिनेच ते फोडलं. गाठ वाईट होती, पण लवकर सापडली होती. ऑपरेशन झालं, तपासण्या चालू आहेत. वादळ शमलं असं मी म्हणणार नाही. होडी माझ्या एकट्याच्या ताब्यात नाही, एवढं कबूल केलं आणि झोप लागायला लागली. त्याबद्दल देवाचे आभार मानतो, डोळे उघडे ठेवून.

शिष्यांचा चेहरा माझ्यासारखाच ठेवायचा, असं रूथने ठरवलं. माझं चित्रीकरण मात्र बाद झालं. चौकड्यांच्या शर्टावर हात नीट दिसत नाहीत.