राठोड सरांचा वेचा

नवी वही सुरू करायची, त्या दिवशी राठोड सर डब्यात दहीभात आणायचे. कापसाच्या पहिल्या वेच्याआधी आमच्याकडे वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. तोच मान ते गणिताच्या वहीला द्यायचे. एक घास वहीपुढे, उरलेला स्टाफरूममध्ये. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच लागले होते. वहीत काय पिकतं, असं मी थट्टेनं विचारलं. "गणनीय बूलियन अल्जिब्रा," ते म्हणाले आणि माझं तोंड बघून समजावायलाच बसले.

"मॅडम, कापूस एकाच डावात येचून होते काय? माही याडी, म्हंजे माय, पहिला वेचा करे, तवा बाकीचे बोंडं मिटलेलेच राहे. मंग ते फुटे, मंग दुसरा वेचा. इथंही तसंच हाय. ज्याचे आखीन तुकडे होत नाही, तो अणू. सारे अणू वेचून टाका, नवे अणू फुटते. काही वावरं असे वेचत वेचत संपते. त्याहीचे दोनच आकडे सांगा, किती वेचे झाले आन् शेवटच्यात किती बोंडं होते. वावर वळखू येते."

नावं बदला, मांडणी बदला, ही खूण बदलत नाही. सरांचा जीव मात्र न संपणाऱ्या वावरांत अडकला होता. "शेवटी एकही बोंड नसते, तरी वावर उरते. त्याची वळख काय?" या एका प्रश्नापायी त्यांनी अकरा वह्या भरल्या. त्यातल्या काही वावरांची खूण त्यांना सापडली आणि त्यांनी लेख लिहिला.

आमच्या कॉलेजात एक रीत होती. लेख कोणाचाही असो, दुसरं नाव प्राचार्यांचं. माझ्या दोन्ही लेखांवर मीही ते मुकाट्यानं घातलं होतं, वर त्याला 'मार्गदर्शन' म्हटलं होतं. लिहिताना आज स्वतःचीच चीड येते. सरांनी नाही म्हटलं. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा मी वेळापत्रक घेऊन तिथेच उभी होते.

"एक नाव वाढलं तर तुमचं काय बिघडतं, राठोड?"

"काई नाही बिघडत, सायेब. फकत अणू म्हंजे काय, तेवढं सांगा."

"ते सायन्सवाले बघतील," प्राचार्य म्हणाले.

लेख एकट्या सरांच्या नावानं छापून आला. त्यांच्या बढतीच्या फाइलीत मात्र दरवर्षी नवी त्रुटी निघू लागली. कधी सही नाही, कधी शिक्का पुसट. परीक्षा आली की लांबचं झरी जामणीचं केंद्र यांनाच. ज्याला अणू ठाऊक नाही, तो या माणसाच्या कामाला गुण देत होता! आणि आम्ही? आम्ही चहा पीत होतो. सर तेवढं म्हणायचे, "ज्याच्या बोटाले बोंड टोचलं, त्याच्याच ओटीत कापूस."

बढती न मिळताच ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी हृदयविकारानं गेले.

शोकसभेत प्राचार्य गहिवरून बोलले. "आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे संशोधन. त्यांच्या उरलेल्या वह्या आम्हा दोघांच्या नावानं छापू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी खुर्चीतून उठले नाही. उठल्या त्या वहिनी. सरांच्या पत्नी, लग्नाआधी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचलेल्या, चौथी शिकलेल्या.

"सायेब," त्या म्हणाल्या, "तुमी कोन्त्या वेच्याले होते?"

उत्तराची वाट न बघता वहिनींनी घरून आणलेली वह्यांची पिशवी उचलली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. "मॅडम, तुमी छापा. नाव एकच टाकजा."

वह्या उतरवून झाल्या आहेत, नाव एकच आहे. माझ्या त्या दोन लेखांवरचं दुसरं नाव खोटं होतं, ते काढा, असं पत्रही मी मागच्या आठवड्यात संपादकांना पाठवलं. आज प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आहे. त्यांना काय विचारायचं, ते मला ठाऊक आहे.