मोटार वीस, माणूस तीन

सारी हयात मी पोरांना वेगाची गणितं घातली. माणूस तासाला तीन मैल चालतो, बैलगाडी दोन, घोडा आठ, मोटार वीस. तर आधी कोण पोचेल? उत्तर चुकलं की कान पिळायचो. आता फळा आठवला तरी शीण येतो.

लढाईच्या दिवसांत मी कळसाडीला मास्तर होतो. आई नंदुरबारला, थोरल्या बहिणीकडे अंथरुणाला खिळलेली. एका संध्याकाळी बहिणीच्या शेतावरचा सालदार निरोप घेऊन चालत आला. आईने अन्न सोडलं होतं आणि ती सारखी माझं नाव काढत होती. तो ओट्यावर आडवा झाला आणि पहाटे मला उठवून म्हणाला, "चाला मास्तर, पायीच जाऊत. दिवस बुडाना आत पोचसूत."

मला हसू आलं. वीस आणि तीन, यात विचार करायचा तो काय? म्हटलं, "तू हो पुढे. मी मोटारीनं येतो, तुझ्या आधी पोचलेला असेन." त्याने डोक्याला पंचा गुंडाळला आणि निघाला.

शहाद्याला मोटार उभी होती. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशावर चालत. मागच्या टाकीत विस्तव घालून क्लीनर पंखा फिरवत होता आणि "निघनी, निघनी!" असं ओरडत होता. मी धावत जाऊन बसलो. या 'निघनी'चा, म्हणजे 'निघाली'चा, खरा अर्थ आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल: जागा भरल्या की निघेल. मलाही तो ठाऊक होता. पण डोक्यात वीसचा आकडा होता ना! दुपारी एक वऱ्हाड आलं तेव्हा मोटार भरली. चढावर सगळ्यांनी उतरून तिला ढकललं. शेजारून म्हशी निवांत पुढे गेल्या.

तापीवर नाव पैलतीराला होती. तिची वाट पाहून पलीकडे गेलो, तर तिथली मोटार रिकामी आणि तिचाही क्लीनर तेच ओरडतोय. उतरून चालू लागावं असं खूपदा वाटलं. पण इतका वेळ थांबलोय, आता सुटेलच, असं म्हणत बसून राहिलो. तो आळस होता की हट्ट, मला अजून सांगता येत नाही.

दिवेलागणीला पोचलो तेव्हा बहिणीच्या दारात माणसं खाली मान घालून बसली होती. मला समजलं. सालदार भिंतीला टेकून बसला होता, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. तो ऊन असतानाच पोचला होता.

"माय तव्हय जागी व्हती," तो म्हणाला. "आंडोर कोठे शे, मना पोऱ्या कोठे शे, इचारं. मी सांगं, मास्तर मोटारवर ई ऱ्हायनात."

"मग?"

"म्हने, मोटारवर? मंग तो कव्हाच येल व्हई. बाहेर देखा."

बहीण म्हणाली, जीव जाईपर्यंत ती एकेकाला दारात पाठवत होती.