धक्क्यावरचा रेडिओ

धक्क्यावर तिला सगळे रेडिओ म्हणत. तळ्याकाठच्या त्या छोट्या बंदरात पाहुणे यायचे, काठाकाठाने फिरायचे, बोटीतून चक्कर मारायचे आणि जायचे. बोट तिचा नवरा चालवायचा. तो मागे चाकावर, ही पुढच्या टोकाला, तोंडाचा पट्टा सुरू. "डावीकडे बघा, पाणकावळे बसलेत." "आता उजवीकडे, ती पडकी गिरणी."

लोकांना वाटे, काय हौस आहे बाईला.

हौस कसली. नवऱ्याला काचबिंदू झाला होता. समोरचं धूसर दिसे, कडेचं मुळीच नाही. ती डावीकडे म्हणाली की तो चाक डावीकडे वळवी, मग पाणकावळे असोत की नसोत. मालकाला कळलं तर बोट जाणार होती. घरात ताटातली वाटी कुठे आहे एवढं सांगितलं तरी तो दिवसभर घुम्यासारखा बसे. बोटीत मात्र शीळ घाली.

एक दिवस एक जोडपं आलं, बरोबर म्हातारी आत्या.

"मावशी, जरा गप्प बसता का?" भाचेसून म्हणाली. "शांतता हवी म्हणून तर आलो इथे."

"असू दे गं. पोटासाठी बोलतात बिचाऱ्या."

"पोट कसलं आत्या, तोंडालाच सवय," भाचा हसला.

ती गप्प झाली. मागची शीळही थांबली. जुन्या धक्क्याचे खांब जवळ आले तशी ती हळूच म्हणाली, "डावीकडे बघा." इंजिनाच्या आवाजात ते मागे पोचलंच नाही.

"अहो, डावीकडे घ्या! खांब!"

बोट खांबाला घासली. आत्याच्या कपाळाला खोक पडली.

काठावर कपाळाला रुमाल धरून आत्या मालकाला म्हणाली, "ह्यांना दिसत नाही हो. बाई सांगते तसे वळतात."

मालकाने किल्ली मागून घेतली. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही मात्र येत जा. लोकांना तुमचं बोलणं आवडतं."

"जा," नवरा म्हणाला. "दोघांनी घरात बसून काय करायचं?"

आता चाकावर दुसरा माणूस असतो. त्याला सगळं दिसतं. नवरा धक्क्यावरच्या बाकावर येऊन बसतो. पहिल्या दिवशी बोट सुटताच ती म्हणाली, "डावीकडे बघा." आणि तिने पाहिलं, बाकावर त्याचे दोन्ही हात मांडीवरून उचलले गेले आणि हवेतच डावीकडे वळले.

तेव्हापासून धक्का दूर जाईपर्यंत ती तोंड उघडत नाही.