टेंभुर्णीचा तीन दिवसांचा संप

हॉलंडमधली माणसं किती वाजता जेवतात हे केशवराव देहेडकरांना तोंडपाठ होतं. स्वतःच्या घरी आज काय शिजलंय, ते मात्र पानावर बसेपर्यंत कळत नसे. जालन्यात चार वाजले की ते घरी फोन करून सांगत, "तिकडचे लोक आत्ता जेवायला उठले."

"आणि तुमचा डबा?" त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई विचारत.

डबा टेबलावर न उघडलेला असे.

केशवराव बावन्न वर्षांचे. एका बियाणे कंपनीत नोंदी ठेवायचं काम. उमेदीची वर्षं रजिस्टरं भरण्यात गेली आणि मग पोर्टल आलं. हॉलंडची एक कंपनी मिरचीचं संकरित बी इथल्या शेतांवर तयार करून घेई. टेंभुर्णीच्या शेडनेटमध्ये बायांनी दिवसभरात किती फुलांचं क्रॉसिंग केलं, म्हणजे हाताने पराग लावले, तो आकडा केशवरावांनी जालन्यात भरला की हॉलंडमध्ये त्याच क्षणी दिसायचा. पुढे ते बी स्पेनमध्ये विकलं गेलं, तरी पाकिटावर टेंभुर्णीच्याच प्लॉटचा नंबर. केशवराव पोर्टलबद्दल एखाद्या तापट सासऱ्यासारखं बोलत. "त्यांना रिकामा रकाना चालत नाही," ते हलक्या आवाजात सांगत, जणू पोर्टल ऐकतंय.

आणि सप्टेंबरात एकदम तीन रकाने रिकामे राहिले. महालक्ष्म्या होत्या. एक दिवस येण्याचा, एक जेवणाचा, एक जाण्याचा. क्रॉसिंगच्या वीस बायांपैकी एकही शेडकडे फिरकली नाही. केशवरावही घरी सोळा भाज्या आणि पुरणाच्या कृपेने आडवे होते. कामावर येऊन पाहतात, तर पोर्टलने कारण विचारलेलं. यादीतून निवडा: पूर, रोग, यंत्रबिघाड, संप, युद्ध.

केशवरावांनी यादी दोनदा वाचली. महालक्ष्म्या नव्हत्या. खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नाही. बाया कामावर आल्या नाहीत हे खरं होतं, आणि सगळ्या मिळून आल्या नाहीत हेही खरं. त्यांनी 'संप' निवडलं.

दुसऱ्या दिवशी पोर्टलवर प्लॉट लाल झाला. हॉलंडहून कंपनीच्या मारिकेबाईंचा निरोप आला: बायांच्या मागण्या काय आहेत? आणि त्या तीन दिवसांत जी फुलं आपोआप फळली, त्यांचं बी चांगल्या बियांत मिसळलं नाही याचा पुरावा द्या. शुक्रवारी आमचे दुपारचे बारा वाजेपर्यंत, नाहीतर लॉट रद्द. लॉट रद्द म्हणजे वीस बायांचं महिन्याभराचं काम मुळासकट उपटून बांधावर.

शुक्रवारी सकाळीच केशवराव टेंभुर्णी गाठून शेडमध्ये दैवशालाबाईंसमोर उभे राहिले. वीसजणींची ही मुकादम.

"दैवशालाताई, तुम्ही संप केला असं लिहून बसलोय मी."

"अगं बाई! कोनाच्या इरोधात?"

"यादीत महालक्ष्म्या नव्हत्या हो."

"मंग त्यायच्या घरी बसत न्हाईत का लक्ष्म्या?"

"नाही बसत."

"तरीच! तरीच हिशेब इचारून राह्यलेत."

"ते जाऊ द्या. आपोआप फळलेली फुलं आता ओळखायची कशी?"

दैवशालाबाईंनी एक फांदी पुढे ओढली. प्रत्येक कोवळ्या मिरचीच्या देठाला धागा होता. "सोमवारला पांढरा, मंगळवारला लाल, बुधवारला पिवळा. रोज रंग बदलतो आम्ही. ज्याला धागा न्हाई ते आपलं न्हाई. चौथ्या दिवशी आल्या आल्या समदं बिनधाग्याचं खुडलं. दोन टोपले निघाले."

"हे मला कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कवा इचारलं? तुम्हाला नुसता आकडा पाहिजे. जल्दी जल्दी."

एवढी वर्षं नोंदी ठेवल्याचा केशवरावांना भारी अभिमान, आणि इथे झाडाझाडाला रंगीत रजिस्टर लटकलेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि ओळीने चाळीस फोटो काढले.

शेडच्या दारातच मोबाईलवर खुलासा लिहायला बसले. दोघी बहिणी माहेरी येतात इथपासून सुरुवात. पोर्टल दोनशेच अक्षरं घ्यायचं. सोळा भाज्या तिसऱ्या भाजीवरच अडकल्या. उरलेल्या तेरा त्यांनी ईमेलने पाठवल्या. आपले साडेतीन म्हणजे तिकडचे बारा. सव्वातीनला शेवटचा फोटो गेला. वीसही बाया काम सोडून मोबाईलभोवती गोळा झाल्या, म्हणजे खरं तर हा संप झाला. पण केशवरावांनी त्याची नोंद केली नाही.

तीन पंचवीसला प्लॉट हिरवा झाला.

"काय म्हनतीया बाई?" दैवशालाबाईंनी विचारलं.

"म्हणते, धाग्याची पद्धत फार छान. आणि पुढच्या वर्षी महालक्ष्म्या कधी आहेत ते कळवा, ते तीन दिवस सुट्टी धरून ठेवते."

दैवशालाबाई विचारात पडल्या. सासूकडून एक दिवस मोकळा मिळवायला त्यांना दोन आठवडे लागत. इथे परदेशातून तीन दिवस बसल्या जागी मंजूर!

"पाठवा तारखा," त्या म्हणाल्या. "अन् त्यातच पोळा बी घाला."

"पोळा? अहो, ती बैलांची सुट्टी."

"हां? अन् पुरन काय बैल वाटतो का?"

केशवरावांनी निमूटपणे पोळा लिहिला.